सहा नंबर मारला का?

दवाखान्यातल्या प्रिंटरला मी रोज मारायचे. ट्रेच्या वर, उजव्या अंगाला, तळहाताच्या मुळाशी जे हाड असतं ना, त्या हाडाने. धपाटे बसले की तो कण्हत-कुथत एक कागद आत ओढायचा, आणि लहर असली तर पूर्ण बाहेरही सोडायचा. माझ्या हाताला तिथे चक्क घट्टा पडला होता. लोक देवाचं नाव घेऊन दिवस सुरू करतात, मी त्या मशीनच्या खानदानाचं घ्यायचे.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना आहे. तिथे मी कंत्राटी कम्प्युटर ऑपरेटर. केसपेपर, भरतीचा कागद, घरी सोडायचं कार्ड, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची रेफर चिठ्ठी, सगळं माझ्याच खिडकीतून निघतं. खिडकीच्या अलीकडे मी, कम्प्युटर आणि तो लेझर प्रिंटर. पलीकडे अख्खा तालुका, आणि तोही आजारी. कागद अडकला की प्रिंटर नुसता लाल दिवा लुकलुकवत बसतो. शिव्या मला बसतात.

मुळात मी शांत बाई नाहीच. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला घरचे सांगतात, दारचे सांगतात आणि आठवडी बाजारातला कांदेवालाही सांगतो. पण त्या मशीनने माझ्यातला जो राग बाहेर काढला तो माझ्या वैऱ्यांनीही कधी काढला नव्हता. एकदा कात्री फेकून मारली होती. झाकणाला पोचा आला, कागद तिथेच राहिला.

उन्हाळ्यात तर आमचं उघड वैर असायचं. मे महिन्यात आमच्याकडे कूलरशिवाय माणूस बसूच शकत नाही. बसला तर भोवळ येऊन खुर्चीतून खाली येतो. माझ्या खोलीत पत्र्याचा मोठा कूलर होता आणि त्याचा ओला वारा थेट प्रिंटरच्या तोंडावर यायचा. मशीन दुसरीकडे ठेवायची सोय नव्हती, बटण चालणारा बोर्ड एकच. कागद म्हणजे पाणी पिणारी वस्तू. कूलर लावला की ट्रेमधला गठ्ठा बघता बघता लुळा पडायचा, कागदाला कागद चिकटायचा. मग मशीन एकाच्या जागी तीन ओढणार, अर्ध्यात गिळणार आणि आतल्या आत त्यांचा चुण्या घालून पंखा करून ठेवणार. कूलर बंद केला तर कागद निमूट चालायचा, पण मी आणि खिडकीबाहेरची माणसं भाजून निघायचो, आणि भाजलेली माणसं जास्त भांडतात.

म्हणून मी कागद उन्हात वाळवायचे. खरंच. सकाळी आल्या आल्या गठ्ठा फोडायचा, व्हरांड्याच्या कठड्यावर कागद पसरायचे, वर विटांचे तुकडे ठेवायचे. बायका कुरडया राखतात तसे मी ते कागद राखायचे आणि शेळी दिसली की चप्पल घेऊन धावायचे. वर्ध्याचा मेकॅनिक फोनवर म्हणायचा, "मॅडम, मशीन चांगली हाय, कागद ओला हाय." स्टोअरवाले म्हणायचे, कागद चांगला आहे, मशीनच म्हातारी झाली. त्या दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी असं मला फार वाटायचं.

अडकलेला कागद काढणं हीसुद्धा मारामारीच. झाकण उघडायचं, टोनरचं लांबुळकं काळं खोकं बाहेर ओढायचं, आत कोपरापर्यंत हात घालायचा आणि चाचपत कागदाचं टोक शोधायचं. जोर कमी पडला तर तो येत नाही. जास्त झाला तर फाटतो, आणि नखाएवढा तुकडा आत राहिला तरी मशीन पुन्हा रुसते. मागच्या बाजूला तापलेला रोलर असतो. त्याने माझी बोटं इतक्यांदा भाजली की शेवटी मी बर्नॉलची ट्यूब कीबोर्डशेजारीच ठेवू लागले.

एवढं असूनही काम हाताने लिहून निभावलं असतं, पण वरून आदेश आला होता की रेफर चिठ्ठी यापुढे हाताने लिहायची नाही. कम्प्युटरमध्ये भरायची, नंबर पडेल, तो छापायचा, खाली डॉक्टरची सही. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर पेशंट नेला म्हणून आमच्या अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला नोटीस मिळाली होती. तेव्हापासून छापील चिठ्ठी मुठीत आल्याशिवाय तो किल्ली फिरवत नसे. चुकीचं नव्हतं त्याचं. नोकरी त्याची जाणार होती, आदेश काढणाऱ्याची नव्हे.

आता आमच्या बोलण्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. आमच्याकडे सगळं मारतात. शिक्का मारतात, सही मारतात, झेरॉक्स मारतात, चक्कर मारतात, दांडी मारतात. प्रिंट काढत नाहीत, प्रिंट मारतात. आणि वॉर्डात नावं घ्यायला कुणाला वेळ असतो? पेशंट म्हणजे पलंगाचा नंबर. त्यामुळे चार नंबरच्या पलंगावरच्या माणसाचा कागद छापून झाला का, एवढंच विचारायला सिस्टर वॉर्डातून ओरडायची, "ताई, चार नंबर मारला काऽऽ?" आणि मी इकडून ओरडायचे, "मारलाऽऽ!" दवाखान्यातून सोडण्याला आम्ही सुट्टी म्हणतो. म्हणून पुढचं वाक्य असायचं, "मंग करा त्याची सुट्टी!" वर्षानुवर्षं हे चाललं होतं. साताऱ्याकडून बदलून आलेला तरुण डॉक्टर पहिल्यांदा ऐकून दचकला होता. नंतर तोही आमच्यासारखाच "सात नंबर मारून टाका" म्हणायला लागला.

त्या दिवशी दुपारी गिरडकडच्या एका खेड्यातून एक भाऊ आपल्या बहिणीला घेऊन आला. तिचे दिवस भरत आले होते. पाय असे सुजले होते की चपला घालता येत नव्हत्या. त्या भावाने आपल्या पिशवीत ठेवल्या होत्या, डब्याशेजारी. पंचविशीचा काटक पोरगा. मी केसपेपरसाठी तिचं नाव विचारलं, वय विचारलं, सगळ्याची उत्तरं त्यानेच दिली. न विचारलेलंही सांगितलं.

"पयलं हाय मॅडम. पयलं माहेरीच असते न. जावई तिकडे पुण्याले कंपनीत हाय, थो म्हणे तिकडेच करू, पन आमच्या मायनं हट्ट केला. आता काई कमीजास्त झालं तं त्याईले काय तोंड दाखवू मी?"

"काई होत नाई," मी म्हटलं. असं सगळ्यांनाच म्हणायचं असतं.

तिला सहा नंबरचा पलंग मिळाला. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत, म्हणून सिस्टरने त्याला बाहेर काढलं आणि प्यायचं पाणी आणायला पिटाळलं. मग वॉर्डात धावपळ सुरू झाली. तिचं बीपी बरंच चढलेलं होतं. डॉक्टर माझ्या खोलीच्या दारात आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"ताई, सहा नंबर वर्ध्याला पाठवायची. झटका आलाय तिला एक. दुसरा आला तर इथे आपण काही करू शकत नाही, ऑपरेशनची सोय नाही. चिठ्ठी लगेच."

मी माहिती भरली, नंबर पडला, बटण दाबलं. मशीनने घरघर केली, कागद अर्धा आत घेतला आणि लाल दिवा लागला.

मी कागद ओढून काढला. दुसरा लावला. या वेळी तीन एकदम गेले आणि आत गच्च बसले. कूलर बंद केला. खोली लगेच भट्टीसारखी तापू लागली. मी टोनर बाहेर ओढलं, डाव्या हातात धरलं आणि उजवा हात आत घातला. टोक हाताला लागलं, ओढलं, फाटलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

वॉर्डातून सिस्टर ओरडली, "ताई, सहा नंबर मारला काऽऽ?"

"दोनदा मारला!" मी ओरडले. "अर्ध्यातच अडकते! निघतच नाई!"

"मंग अजून एकदा मार न वो! थांबू नको आता!"

व्हरांड्यातून ड्रायव्हरचा आवाज आला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन घोगरा झालेला, भसाडा आवाज. "मॅडम, सहा नंबर मारून झाला की सांगजा. मी मांगचं दार खोलून ठेवतो."

डॉक्टरने वॉर्डाच्या दारातून मान बाहेर काढली. "ताई, मारून टाका हो लवकर सहा नंबर! करा सुट्टी एकदाची, मला ती इथे ठेवायचीच नाहीये!"

रोलर बोटाला चटकन लागला. मी हात बाहेर काढला आणि मशीनवर मुठीने धाडधाड हाणत सुटले. "मर! मर मेल्या! मर एकदाचा!"

खिडकीबाहेर कुणीतरी हळू आवाजात बोललं. "मॅडम, सहा नंबर म्हंजे माही बहीण न?"

तो पाणी घेऊन आला होता. मी वर पाहिलंही नाही. रोज शंभर माणसं त्या खिडकीतून डोकं घालतात, कुणाकुणाकडे पाहू?

"हो."

"मारलं तिले?"

"अजून नाई मारला, मारूनच राह्यली न!" मी खेकसले. "दोन मिनिटं गप्प उभं राह्यता येत नाई का तुले?"

मग खिडकीतून स्टीलचा डबा आला. पिशवीसकट. माझ्या जबड्यावर आदळला आणि माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. भाकरी, चटणी, तिच्या चपला, सगळं माझ्या मांडीवर पडलं. मला वाटलं छताचा पंखा तुटून पडला. डोळे उघडले तर तो अर्धं दार लाथेने उघडून आत आला होता. त्याने माझी वेणी हाताला गुंडाळली आणि माझं डोकं टेबलावर आपटलं. एकदा. मग पुन्हा. तो काहीतरी ओरडत होता, मला शब्द कळत नव्हते, नुसती थुंकी तोंडावर उडत होती.

मी मार खाऊन गप्प बसणारी नाही. माझ्या डाव्या हातात अजून टोनर होतं. मी ते सगळ्या ताकदीने त्याच्या कानशिलावर हाणलं. खोकं फुटलं. आतली काळी पूड भसकन उडाली आणि आम्ही दोघंही त्यात बुडालो. नाकात, डोळ्यांत, दातांवर काळं. तो खोकत मागे सरला, मी त्याच्या मनगटाला दात लावले आणि सोडले नाहीत. त्याने मला झटकलं, पाठ भिंतीवर आदळली. मग त्याने प्रिंटर उचलला. वायरसकट उपटला, डोक्याच्या वर नेला. मला वाटलं, संपलं. त्याने तो माझ्या पायाशी फरशीवर आपटला. प्लास्टिक उडालं, ट्रे निखळून व्हरांड्यापर्यंत घसरत गेला.

तोवर माणसं धावून आली होती. ड्रायव्हर सगळ्यांत आधी. त्याने त्या पोराला मागून कव घातली, पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला आणि हात पिरगाळून वर नेला. बाकीचे लाथांनी तुडवू लागले, ज्यांचा काही संबंध नव्हता तेही. पायाला प्लास्टर असलेला एक म्हातारा कुबडीने हाणत होता. मीही दोन लाथा घातल्या, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या तोंडातून रक्त येत होतं. ड्रायव्हर त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याला आईवरून, बहिणीवरून शिव्या घालत होता, आणि बहिणीवरून शिवी आली की तो पोरगा खालून असा हिसडा द्यायचा की सगळे पुन्हा त्याच्यावर पडायचे.

"सोडा त्याला!" डॉक्टर दारातून ओरडत होता. "अरे गाडी काढा! गाडी! दुसरा झटका आलाय तिला!"

कुणाला ऐकू जात नव्हतं. मारायला लागलेल्या माणसांना ऐकू येत नाही, मलाही येत नव्हतं. डॉक्टर ओरडत राहिला आणि आम्ही मारत राहिलो. शेवटी त्याने आत शिरून ड्रायव्हरची कॉलर धरली आणि त्याला ओढून उभं केलं. फरशीवरचा एक चुरगळलेला कागद उचलला, भिंतीवर धरून सपाट केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला भराभर चार ओळी लिहिल्या. सही केली, शिक्का मारला. झाली चिठ्ठी. पहिल्या मिनिटालाच करता आली असती ती चिठ्ठी. मला त्या वेळी आदेश काढणाऱ्या साहेबाचं तोंड समोर हवं होतं.

ड्रायव्हरने कागद घेतला, नोटिशीचा शब्दही काढला नाही. स्ट्रेचर माझ्या दारावरून गेलं तेव्हा मला तिचे सुजलेले पाय दिसले आणि तिच्या दातांत चमच्याला गुंडाळलेलं कापड. भाऊ पालथा होता, दोघं त्याच्या मानेवर बसले होते. त्याला काही दिसलं नाही. गाडी गेल्यावर त्याला स्टोअरच्या खोलीत कोंडलं, आणि पोलीस आले तेव्हा त्यांनी आमच्या मारात आपली भर घालून त्याला नेलं.

सिस्टरने माझं तोंड धुतलं. गरम पाण्याने ती पूड अजून चिकटते म्हणून माठातलं गार पाणी घेतलं. दोन दात हलत होते, जबडा सुजून एका बाजूने टमाट्यासारखा झाला होता. सिस्टर रडत होती, मी रडत नव्हते. मला एवढंच कळत होतं की त्या पोराला मी सडवणार. दवाखान्यातल्या माणसाला मारलं तर कायदा कडक आहे, हे आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं आहे. रोज वाचून पाठ झालं होतं.

ऊन उतरल्यावर मी डॉक्टरला घेऊन ठाण्यात गेले. हवालदाराने तक्रार लिहूनच ठेवली होती. मी ती नीट वाचली आणि कागद फाटेल इतका पेन दाबून सही केली. तो एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा बंद झाला होता. तोंडावर टोनर तसंच, घामाने ओघळ आलेलं. माझ्याही केसांत, कानांत अजून होतं. धुळवड खेळून आल्यासारखे आम्ही दोघं एका खोलीत.

हवालदाराला हसू आवरत नव्हतं. "मॅडम, याचं काय म्हणनं हाय मालूम हाय का? म्हणते तुम्हीच याच्या बहिणीले मारलं. अन् वरून तुम्ही कबूल केलं म्हणते याच्यापाशी. अख्खा दवाखाना ओरडून राह्यला होता म्हणते, मारा म्हणून."

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. सिस्टरचं ओरडणं, डॉक्टरचं, माझं, एकेक वाक्य जसंच्या तसं कानात आलं. मला हसू फुटलं, आणि हसताना जबड्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर कपाळ धरून बाकावर बसला.

तो पोरगा माझ्याकडे पाहत होता. त्याच्यात आता मारायचं त्राण नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "मले काय कराचं थे करा. पन मले तिले घरी नेऊ द्या. मायनं सकाळी औक्षण करून पाठवलं तिले. मी तशीच कुठी ठेवू?"

"अरे गध्या," मी म्हटलं, "मेली नाई ते! चिठ्ठी मारून राह्यलो होतो आम्ही! प्रिंट! सहा नंबर म्हंजे तिची चिठ्ठी, वर्ध्याची! थे अडकली होती मशीनमधी!"

त्याने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने मान हलवली. त्याला ते समजायला वेळ लागला, आणि समजलं तसं त्याने आपलं डोकं मागच्या भिंतीवर आपटायला सुरुवात केली. जोरात, एकसारखं. हवालदाराने धावत जाऊन मध्ये हात घातला.

"मंग जित्ती हाय?" तो म्हणाला. "जित्ती हाय न ताई?"

मला माहीत नव्हतं. दुपारपासून मला माझ्या दातांचं पडलं होतं. आमच्यातल्या कुणीही वर्ध्याला फोन केला नव्हता, आणि हा प्राणी दुपारपासून इथे ती मेली असं धरून बसला होता. मी हवालदारावर ओरडले, की एवढा वेळ हा विचारतोय तर एक फोन लावता आला नाही का? तो म्हणाला, "आमाले काय मालूम, आम्ही थोडीच तुमच्या दवाखान्यात बसतो?" मी ड्रायव्हरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. हवालदाराने माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. घंटी वाजत राहिली. तो पोरगा गुडघ्यांवर सरकत टेबलापर्यंत आला. त्याला कुणी हटकलं नाही.

"हां मॅडम." ड्रायव्हरचा घोगरा आवाज खोलीभर झाला. "पोचलो होतो टाइमानं... म्हंजे, पोचलो. लगेच टेबलवर घेतलं. माय वाचली. आत्ता शुद्धीवर आली, पानी मांगून राह्यली."

तो पोरगा हसला. काळ्या तोंडात सगळे दात दिसले.

"अन् लेकरू नाई वाचलं मॅडम. पोरगं होतं. थोडं आंधी आनलं असतं तं, असं म्हणून राह्यले इथले डॉक्टर."

मी झडप घालून फोन बंद केला. उशीर झाला होता. हवालदार खिडकीबाहेर पाहायला लागला. डॉक्टर बाकावरून उठला आणि पुन्हा बसला.

तो पोरगा त्या बंद फोनकडे पाहत होता. रडला वगैरे नाही. मग त्याने मान वर केली.

"ताई, हा आवाज," तो म्हणाला. "मले खाली पाडून जो माह्या पाठीवर बसला होता, माह्या कानात शिव्या देऊन राह्यला होता, त्याचाच हाय हा आवाज. थोच डायवर होता का?"

मला त्याचा प्रश्न कळला. त्याने हात उगारला नसता तर तो माणूस त्याच्या पाठीवर बसला नसता, गाडीत बसला असता. पोराला हिशेब बरोबर जमला होता. माझ्या जबड्यात ठणके मारत होते, दोन दात जिभेने हलत होते, आणि एका शब्दात त्याला असा मारता येत होता की तो आयुष्यात पुन्हा उठला नसता. दुपारी मी त्याला याहून कमी लागावं म्हणून लाथा घातल्या नव्हत्या. डॉक्टर माझ्याकडे पाहत होता. त्याला खरं माहीत होतं, त्यानेच त्या ड्रायव्हरची कॉलर धरली होती.

"नाई," मी म्हटलं. "थो वॉर्डबॉय होता. आवाज सारखाच वाटते दोघाईचा, खर्रा खातेत दोघंबी. डायवर तं गाडीतच बसून होता, गाडी चालू करून."

"मंग उशीर काऊन झाला?"

"सांगतलं न तुले. कागद अडकला होता."

त्याने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "हो. कागद."

तो पोरगा तिथेच फरशीवर बसला आणि त्याने त्या मशीनला आईवरून शिवी घातली. मग मीही घातली.